जमीन कोणाची, बंदूक कोणाची

‘मर्कारा, २६ फेब्रुवारी १८६१’ असं ठिकाण आणि तारीख घातलेला एक छोटा सरकारी कागद आहे. खाली सही सर मार्क कब्बनची. म्हैसूर आणि कूर्ग या दोन्ही मुलखांचा तो कमिशनर. मजकूर जेमतेम एका वाक्याचा, पण वाक्य लांबलचक आणि अलंकारिक. या चिमुकल्या लढवय्या राष्ट्राची प्रतिष्ठा, निष्ठा आणि धाडस ध्यानात घेऊन, त्यांनी ब्रिटिश सरकारला केलेल्या ठळक मदतीची आठवण ठेवून, हिंदुस्थान सरकारकडून मिळालेल्या अधिकाराने सर्वांना कळवण्यात येतं की, लोक ज्याला नि:शस्त्रीकरणाचा कायदा म्हणतात तो कूर्गच्या शूर जनतेला लागू नाही. कूर्गवरच्या जुन्या इंग्रजी ग्रंथांत हा मजकूर छापलेला मिळतो. आज त्याच मर्काराजवळच्या, म्हणजे मडिकेरीजवळच्या, एखाद्या घराच्या आवारात उंच झाडाला नारळ बांधून घरची माणसं पाळीपाळीने त्यावर गोळी झाडतात, तेव्हा त्या गोळीच्या मागे जी कागदांची माळ आहे तिचं हे पहिलं पान.

हे पान काढायचं कारण एक साधा प्रश्न आहे. मुळशी, मावळ, भोर या बाजूला शेतजमीन घेतलेल्यांच्या बैठकीत तो हमखास निघतो. जमीन आपली, बांध आपला, आजूबाजूला वस्ती नाही. मग बांधाला लक्ष्य लावून नेमबाजी केली तर कायद्याला काय हरकत? उत्तरही तिथल्या तिथे मिळतं: आपल्या जागेत कोण विचारतो! शहरातून आलेल्या माणसाला सातबाऱ्यावर नाव चढलं की आपण छोटे संस्थानिक झालो असं वाटू लागतं, त्यातलाच हा प्रकार. कागद उघडले की मात्र प्रश्नाचं तोंडच फिरतं. जमीन कोणाची, हे भारतातल्या शस्त्रकायद्याने जवळजवळ कधी विचारलेलंच नाही. बंदूक कोणाची आणि कुठल्या कागदावर, एवढंच तो विचारत आला आहे. जमिनीचा एक विशिष्ट प्रकार ज्या एका ठिकाणी या कायद्यात ठसठशीतपणे शिरला ते ठिकाण म्हणजे कूर्ग, आजचा कोडगू जिल्हा. तिथे तो कसा शिरला हे पाहिलं म्हणजे इतरत्र का शिरला नाही तेही उलगडतं.

आधी प्रथा. सप्टेंबरच्या सुरुवातीला, भातलावणीची कामं उरकल्यावर, तिथल्या कोडव लोकांचा कैलपोळ्द हा सण येतो. घरातली हत्यारं घासूनपुसून मधल्या दालनात दिव्यापुढे मांडतात आणि बंदुकीच्या नळीत लालपिवळी फुलं खोवतात. त्या फुलाला त्यांच्या भाषेत बंदुकीचंच फूल म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात कोकणात आणि घाटावर कुंपणाला दिसते ती कळलावी हीच. पूजा होते, जेवण होतं, आणि मग नारळ झाडावर चढतो. बंदूक तिथे सणापुरती नसते. मुलगा जन्मला की एक बार, घरात मृत्यू झाला की दोन बार, पुत्तरी या सुगीच्या सणाला भाताची पहिली पेंढी कापताना पुन्हा बार. गावाला बातमी कळवायची ती रीत होती.

प्रथा जुनी आहे म्हणून ती कायदेशीर ठरली, असं मात्र नाही. हत्यारांची पूजा करणारी घराणी देशभर होती. महाराष्ट्रात खंडेनवमीला तलवारीला झेंडूची माळ घालणारे वाडे काही कमी नव्हते. त्या वाड्यांतली हत्यारं गेली आणि कोडगूतली राहिली, याचं कारण इतिहासात शोधावं लागतं.

१८३४मध्ये कंपनीने कूर्गचा राजा चिक्क वीरराजेंद्र याला गादीवरून काढलं आणि मुलूख खालसा केला. तसं करताना सुळ्य आणि पुत्तूरकडचा, घाटाखालचा काही भाग तोडून कॅनरा जिल्ह्याला जोडला. तिथल्या रयतेला पूर्वी सारा धान्यात भरता येई, आता तो रोखीत मागितला जाऊ लागला. १८३७मध्ये त्या भागात बंड उठलं आणि मंगळूरपर्यंत पोचलं. त्या वेळी कूर्गातल्या कोडव दिवाणांनी आणि त्यांच्या माणसांनी कंपनीची बाजू घेतली. कंपनीने त्यांच्यासाठी खास पदकं पाडली, काही सोन्याची, बरीचशी चांदीची. कब्बनच्या कागदातली ‘ठळक मदत’ ती ही, असं मानायला भरपूर आधार आहे. १८५७मध्येही कूर्ग शांत राहिलं. एकाच डोंगराच्या दोन उतारांवरची माणसं. एका उताराने रोख साऱ्यासाठी हत्यार उचललं आणि दुसऱ्याने ते हत्यार मोडायला मदत केली. पुढची दीडशेहून अधिक वर्षं बंदुकीची मोकळीक दुसऱ्या उताराच्या नावावर राहिली. आजच्या गौरवपर लेखनात हा तपशील हळूच गाळला जातो, म्हणून तो इथे नोंदवतो.

१८५७च्या धामधुमीत शस्त्रांवर निर्बंध घालणारा अठ्ठाविसावा कायदा आला आणि १८६०मध्ये त्याच्या जागी एकतिसावा. शस्त्रं आणि दारूगोळा बनवणं, आणणं, विकणं, बाळगणं यांवर तो बंधन घालत होता. शिवाय एखाद्या प्रांताची वा जिल्ह्याची झडती घेऊन सगळी हत्यारं काढून घेण्याचा अधिकारही सरकारला देत होता. कब्बनने ज्याला ‘नि:शस्त्रीकरणाचा कायदा’ म्हटलं तो हा. तारखा जुळवून पाहिल्या की आणखी एक गोष्ट दिसते. कब्बन १८३४पासून म्हैसूरचा कारभार पाहत होता. १८६१च्या फेब्रुवारीत तो पद सोडत होता, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायदेशी जाताना सुएझला वारला. म्हणजे हा कागद सत्तावीस वर्षांच्या कारभाराच्या अगदी शेवटच्या दिवसांतला. त्यात निरोपाचा सूर आहे, कायद्याचा काटेकोरपणा नाही. कोणती हत्यारं, किती काडतुसं, कूर्गचे लोक म्हणजे नेमके कोण, यातलं काहीही त्यात नाही. पुढच्या कारकुनांना हे सगळं भरून काढावं लागलं, आणि ते भरतानाच जमीन आत आली.

ती जमीन म्हणजे जम्मा. राजाच्या काळात चाकरीच्या बदल्यात वंशपरंपरेने दिलेली भातजमीन. ती विकता येत नसे, गहाण टाकता येत नसे. सारा साध्या जमिनीच्या निम्मा. उरलेला निम्मा जणू माणसाच्या अंगावर काढलेला: बोलावणं आलं की हत्यार घेऊन हजर व्हायचं. जम्मा बहुतांशी कोडवांकडे होती, पण फक्त त्यांच्याकडे नव्हती. अरेभाषे बोलणारे गौड आणि आणखी काही जातींची घराणीही जम्माधारक होती. त्यामुळे सूट कोणाला हे ठरवताना दोन गट लिहिले गेले: कूर्ग वंशाचा प्रत्येक माणूस आणि कूर्गातला प्रत्येक जम्माधारक. ब्रिटिश काळातल्या शब्दयोजनेत दुसऱ्या गटापुढे एक पुस्तीही असे: ज्यांना त्यांच्या जमीनधारणेमुळे चाकरीला बोलावता येतं असे. ही पुस्ती महत्त्वाची. जमीन कायद्यात आली ती मालकी म्हणून नव्हे, तिच्यावर बसलेली चाकरी म्हणून. वतनदाराच्या हातात बंदूक राहू द्यायची, कारण उद्या ती सरकारला लागेल. हिशेब एवढा सरळ होता.

हा हिशेब उघडा पडतो तो इंग्लंडचा त्याच काळातला कायदा शेजारी ठेवला की. तिथे १८७०मध्ये बंदूक परवान्याचा कायदा झाला. वर्षाला दहा शिलिंग भरून परवाना घ्यायचा, बस. आणि हा परवाना लागायचा तो घर आणि घराचं आवार सोडून इतरत्र बंदूक वापरायची वा न्यायची असेल तर. स्वतःच्या घरात आणि अंगणात परवान्याचा प्रश्नच नव्हता. शेत कसणाऱ्याने पाखरं हाकायला किंवा उपद्रवी जनावरं मारायला आपल्या जमिनीवर बंदूक चालवली तर त्यालाही सूट होती. आपल्या मुळशीच्या गृहस्थाचा प्रश्न त्या कायद्याला विचारला असता तर उत्तर बरंचसं त्याच्या बाजूने मिळालं असतं. कायदा करणारं साम्राज्य एकच होतं, आठच वर्षांनी त्याने हिंदुस्थानसाठी शस्त्रकायदा लिहिला, आणि त्यात अंगण नाही, आवार नाही, कसणाऱ्याची जमीन नाही. इंग्लंडात तो मुख्यतः महसुलाचा कायदा होता. इथे तो धास्तीचा कायदा होता.

१८७८चा अकरावा कायदा तो हाच. तेव्हा व्हाइसरॉय होता लिटन; देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला त्याच मार्च महिन्यात हाही आला. तेराव्या कलमाने परवान्यावाचून सशस्त्र फिरायला बंदी केली, चौदाव्याने परवान्यावाचून बंदूक वा दारूगोळा ताब्यात ठेवायला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि लपवाछपवी केली तर सात. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुकीबरोबर तलवार, खंजीर, भाला होते आणि धनुष्यबाणही होता. म्हणजे सातपुड्यातल्या भिल्लाचा तीरकमठाही व्याख्येत आला. सत्ताविसाव्या कलमाने सरकारला सूट देण्याचा अधिकार दिला. याच कलमाच्या आधाराने नियमांना सवलतींची यादी जोडली गेली. त्या यादीत युरोपियन होते आणि कूर्गचे लोक होते. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी पुण्याच्या आसपास बंड केलं. लिटनच्या कायद्याने ते थांबलं नाही, पण कायद्याच्या समर्थकांना एक दाखला मात्र मिळाला.

१८८७च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यावर ठराव केला. तो वाचताना आजच्या वाचकाला थोडं अवघडल्यासारखं होतं. ठराव हक्काच्या भाषेत नाही. लोक राजनिष्ठ आहेत, या कायद्याने त्यांच्यावर विनाकारण डाग लागतो, म्हणून ज्यांना सरकार लेखी कारण नोंदवून मनाई करील ते वगळता सर्वांना शस्त्र बाळगू द्यावं, अशी ती मागणी आहे. म्हणजे कब्बनने एका जिल्ह्याला जे बक्षीस दिलं तेच आणि त्याच कारणासाठी काँग्रेस सगळ्या देशासाठी मागत होती. बक्षीस मागून मिळत नाही, हे पुढे कळलं. पहिल्या महायुद्धानंतर नियम नव्याने लिहिले गेले तेव्हा युरोपियनांची सरसकट सूट गेली. वंशाच्या नावाने दिलेली कूर्गची सूट मात्र राहिली.

१९३१च्या कराची ठरावात भाषा बदललेली दिसते. तिथे नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क, असं आलं. त्याच आधाराने १९४८च्या डिसेंबरात हरी विष्णू कामत यांनी घटना समितीत, आज जे एकोणिसावं कलम आहे त्याच्या मसुद्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांचं उत्तर थोडक्यात असं: ज्याला त्याला बाजारात जाऊन हवं ते मारक हत्यार विनाअडथळा विकत घेता आलं तर राज्याने कारभार करायचा कसा? आणि शस्त्राबाबत आग्रह धरायचाच तर तो व्यक्तीच्या हक्काचा नव्हे, देशासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती पडली. तिथे प्रश्न मिटला, असं मला वाटतं. भारतात बंदूक हा मूलभूत हक्क नाही. ती परवानगी आहे, आणि परवानगीला नेहमी अटी असतात. अमेरिकन सिनेमे पाहून जे लोक ‘माझी जमीन, माझी बंदूक’ असं बोलतात ते आपल्या घटना समितीने विचार करून नाकारलेलीच गोष्ट बोलत असतात.

१९५९चा शस्त्रकायदा सज्जन नागरिकाला परवाना सोपा व्हावा या हेतूने केला गेला. तो वाचायचा तर तिसऱ्या कलमापासून. बंदूक वा दारूगोळा मिळवणं, जवळ ठेवणं, घेऊन जाणं या तिन्ही गोष्टींना परवाना हवा. इथे ‘झाडणं’ नाही. पाचव्या कलमात मागाहूनच्या दुरुस्तीने ‘वापर’ हा शब्द आला, पण ते कलम मुख्यतः बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या शेतात लक्ष्यावर गोळी झाडू नये असं एकही वाक्य कायद्यात नाही. हे ऐकून खूश होण्याआधी तेरावं कलम वाचावं. परवाना कशासाठी द्यायचा हे तिथे सांगितलं आहे. किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी. ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची. आणि पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल नेमबाजीच्या सरावासाठी. पण ती कोणाला? केंद्र सरकारचा परवाना किंवा मान्यता असलेल्या रायफल क्लबच्या वा संघटनेच्या सदस्याला. कायद्यात ‘लक्ष्यावर सराव’ हे शब्द येतात ते इथे, आणि येतात तेच क्लबला बांधलेले. शेतकऱ्याची जमीन पीकसंरक्षणाच्या ओळीत येते. नेमबाजाच्या ओळीत जमीन नाही, संस्था आहे.

याचा प्रत्यक्ष अर्थ कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. या स्पर्धेची रायफल पॉइंट टू-टूच. खेड्यातल्या मुलाचा नेम घडला तो क्रीडा प्रबोधिनी आणि शूटिंग रेंजच्या वाटेने, म्हणजे कायद्याने आखलेल्या वाटेनेच.

परवाना संरक्षणाचा असेल आणि माणूस शेतात जाऊन डब्यांवर नेम धरत असेल तर? परवान्याच्या कागदावर हेतू लिहिलेला असतो, तो कुठवर चालतो ते क्षेत्र लिहिलेलं असतं, एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती घेता येतील तेही लिहिलेलं असतं. अट मोडली तर तिसावं कलम आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय परवाना रद्द होऊ शकतो, आणि खरी भीती तीच असते. पण कलमांच्याही आधी माणूस काडतुसांत अडकतो. नेमबाज एका सकाळी जेवढी काडतुसं जाळतो तेवढ्यात साध्या परवान्याचा कोटा संपायला येतो, आणि मग ती कुठे गेली याचा हिशेब द्यायची वेळ येते. दहा मित्रांना बोलावून बांधापाशी रोजची चांदमारी सुरू करायची असेल तर ती रेंज झाली, आणि रायफल क्लब व रेंज यांना २०१६च्या शस्त्र नियमांत स्वतंत्र परवाना आहे. बंदूक दुसऱ्याच्या नावावर आणि नेम आपला, हेही चालत नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो, शेताच्या नव्हे.

छऱ्याची बंदूक वेगळी. ०.१७७ बोअरपर्यंतची आणि नळीतून सुटताना २० ज्यूलपेक्षा कमी जोराची एअरगन परवान्यावाचून घेता येते. शेतघराच्या मागे भिंतीला कागद लावून नेम धरणारे बहुतेक लोक याच सवलतीत असतात, त्यांना माहीत असो वा नसो. तिथेही छर्रा शेजारच्या गड्याच्या डोळ्यात गेला तर भारतीय न्याय संहितेचं एकशे पंचविसावं कलम आहेच. बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा गुन्हा आहे आणि तो स्वतःच्या जमिनीवर उभं राहून केला तरी गुन्हाच राहतो. चिमणी किंवा मोर टिपला तर १९७२चा वन्यजीव कायदा. लग्नात, वास्तुशांतीला, जत्रेत हवेत बार काढायची हौस असेल तर २०१९च्या दुरुस्तीने त्यासाठी वेगळं पोटकलम केलं आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच दुरुस्तीने एका माणसाकडच्या परवान्याच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, आणि परवान्यावाचून बंदूक ठेवल्याची शिक्षा वाढवून किमान दोन आणि कमाल पाच वर्षं केली.

आता परत कोडगूकडे. कूर्ग हे १९५६पर्यंत स्वतंत्र छोटं राज्य होतं, मग म्हैसुरात, म्हणजे आजच्या कर्नाटकात विलीन झालं. १९५९च्या कायद्याच्या एक्केचाळिसाव्या कलमात सूट देण्याचा अधिकार आहे. त्याखाली साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच केंद्राने जुनी सवलत पुढे चालू ठेवली: कूर्ग वंशाचा प्रत्येक माणूस आणि प्रत्येक जम्माधारक. जिल्ह्याबाहेर नेताना मर्यादा: एक रायफल आणि तिची शंभर काडतुसं, एक गुळगुळीत नळीची बंदूक आणि तिची पाचशे काडतुसं किंवा तेवढ्याच मोलाचं शिसं आणि दारू. शिसं आणि दारू हे शब्द ठासणीच्या बंदुकीच्या काळातले. कारकुनाने जुन्या यादीतून ते जसेच्या तसे उतरवले असावेत. चाकरीची पुस्ती मात्र गळली. जम्मा जमिनीवरून आता कोणाला लष्करात बोलावत नाहीत. ज्या कारणासाठी जमीन कायद्यात आली ते कारण गेलं आणि जमीन राहिली.

यावर कर्नाटक उच्च न्यायालयात आक्षेप आला, तो या बिंदूवर नेमका बसणारा होता. वंश आणि जमीनधारणा यांवरून काही नागरिकांना परवान्यातून सूट देणं समानतेच्या हक्काला धरून आहे का? दरम्यान २९ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढली आणि सवलत ३१ ऑक्टोबर २०२९पर्यंत चालू ठेवली. २२ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायालयाने ती वैध ठरवली. कारणं अशी की, कोडवांची लढाऊ परंपरा आहे, सूट स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालत आली आहे, ती कायमची नसून दहा वर्षांपुरती आहे आणि अटींसह आहे. कब्बनच्या वाक्यातली प्रतिष्ठा आणि धाडस असं एकशे साठ वर्षांनी निकालपत्रात पुन्हा उतरलं. निष्ठेचा उल्लेख गळाला, आणि तो गळणं योग्यच. प्रजासत्ताकात कोणाची निष्ठा तोलून त्याला बंदूक द्यायची? पण निष्ठा काढली तर मूळ कागदात दुसरा आधार फारसा उरत नाही, हेही खरं. न्यायालयाने सूट वाचवली ती परंपरेच्या बळावर. लढाऊ परंपरा सांगणारे समाज महाराष्ट्रातही आहेत, पंजाबातही आहेत. त्यांच्याकडे कब्बनचा कागद नव्हता, आणि फरक मला तरी तेवढाच दिसतो.

सूट म्हणजे सगळीच मोकळीक, असंही कोडगूत नाही. सूट आहे ती बंदूक बाळगायला परवाना घेण्यातून. बंदूक घ्यायची तर आपण या सवलतीत बसतो याचा दाखला जिल्हा प्रशासनाकडून घ्यावा लागतो. नारळावर झाडलेली गोळी घाटउतारावर खाली कोणाला लागली तर कब्बन वाचवायला येत नाही. आणि कोडगूत ब्रह्मगिरी, पुष्पगिरी, तलकावेरी ही अभयारण्यं आहेत, शिवाय नागरहोळे राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग. वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमानुसार अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि बंदूक असलेल्या माणसाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. कलम लिहिणाऱ्याने परवानाधारकांच्या जोडीला ‘शस्त्रकायद्यातून सूट मिळालेले’ हे शब्दही घातले आहेत. शस्त्रकायद्यात जमिनीने दिलेली सवलत वन्यजीव कायद्यात जमिनीमुळेच आखडली गेली.

हे चौतिसावं कलम सह्याद्रीतल्या आपल्या शेतमालकालाही लागू होतं, आणि नेमकं तेच कोणी पाहत नाही. भीमाशंकर, कोयना, राधानगरी यांच्या आसपास जमिनींचे व्यवहार झपाट्याने होत आहेत. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते. म्हणून बंदुकीचा अर्ज करण्याच्या बेतात असलेल्याने सातबाऱ्याआधी नकाशा काढावा, सर्वात जवळच्या अभयारण्याची हद्द मोजावी, मग तेरावं कलम उघडून आपण कुठल्या ओळीत बसतो ते पाहावं: संरक्षण, खेळ, पीक, की क्लब. कुठल्याच ओळीत बसत नसू तर छऱ्याच्या बंदुकीचा बोअर आणि जोर तपासावा. एवढं झाल्यावर मागचा बांध गोळी अडवण्याइतका उंच आहे का, हे बघायला हरकत नाही.